काइटसर्फिंग करताना हेल्मेट घालावं का? हो, पण कशासाठी ते समजून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकत असताना प्रशिक्षकांनी दिलेलं हेल्मेट तुम्ही घालत होता. आता स्वतःचा काइट, म्हणजे वाऱ्यावर ओढणारा मोठा पतंग, आणि पायाखालचा बोर्ड घेतलाय, एकट्याने पाण्यात उतरायची तयारी आहे, आणि किनाऱ्यावर बघताय तर मुरलेल्यांपैकी बरेच जण उघड्या डोक्याने. त्यातल्याच एकाने सांगितलं की हेल्मेटमध्ये पाणी भरतं आणि मानेला हिसका बसतो, त्यापेक्षा न घातलेलं बरं. मग हेल्मेट घ्यायचं का, आणि घ्यायचंच तर घरात पडून असलेलं सायकलचं चालेल का?

हेल्मेट घ्या आणि घाला. तुमच्या टप्प्यावर तर नक्कीच. सायकलचं नको. मी काइटसर्फिंग शिकवतो आणि स्वतः पाण्यात उतरताना दर वेळी हेल्मेट घालतो. पण एवढ्यावर उत्तर संपवलं तर तुमचं नुकसान होईल, कारण हेल्मेट नेमकं कशापासून वाचवतं हे माहीत नसलेला माणूस नको तिथे त्याच्यावर विसंबतो.

हेल्मेट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंच उडी आणि पाण्यावर आपटलेलं डोकं येतं. प्रत्यक्षात नवशिक्याच्या डोक्याला मार लागतो तो बहुतेक वेळा टणक वस्तूंचा: स्वतःचाच बोर्ड, शेजारून जाणाऱ्याचा बोर्ड, उथळ पाण्यातला तळ, खडक, आणि किनाऱ्यावरचे खांब, कठडे, होड्या. नुसतं पाणी डोक्याला लागलं तर ते झोंबतं, क्वचित कानाचा पडदाही फाटतो. पण कवटीची भीती या टणक गोष्टींची.

आणि पाण्यात डोक्याला लागलेल्या माराचा हिशोब जमिनीवरच्यापेक्षा फार वेगळा असतो. जमिनीवर डोकं आपटलं, मिनिटभर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर माणूस खाली बसतो, पाणी पितो, सावरतो. तीच अंधारी पाण्यात आली तर तोंड पाण्याखाली असतं आणि वर हवेत काइट अजून ओढतच असतो. क्विक रिलीज, म्हणजे काइट झटक्यात सोडवणारी कळ, ढकलायला हात लागतो आणि हाताला हुकूम द्यायला शुद्ध लागते. अंगात इम्पॅक्ट व्हेस्ट असलं तरी ते लाइफ जॅकेट नव्हे. ते बरगड्यांना वाचवतं, थोडं तरंगायला मदत करतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड आकाशाकडे वळवून धरत नाही. म्हणून किनाऱ्यावर जो मार टेंगळावर निभावला असता, तो पाण्यात जीव घेऊ शकतो. हेल्मेटकडून माझी मुख्य अपेक्षा एवढीच आहे की मधल्या ताकदीचा तडाखा बसल्यावर मी शुद्धीत राहावं आणि माझा हात रिलीजपर्यंत पोचावा.

असा तडाखा बोर्डाकडून कसा बसतो ते सांगतो, कारण तुम्ही नुकतीच स्वतःची सामग्री घेतली आहे आणि कुणीतरी बोर्ड-लीश घ्यायचा सल्ला देणारच. बोर्ड पायातून सुटला की लांब वाहून जातो म्हणून नवशिक्यांना तो दोरीने अंगाला बांधून ठेवावासा वाटतो. काइट तुम्हाला वाऱ्याच्या दिशेने ओढत नेतो, बोर्ड पाण्यात तिरका रुततो, मधली लवचिक लीश ताणत जाते, आणि बोर्ड सुटला की सगळा ताण एकदम तुमच्याकडे झेपावतो. तुम्ही पालथे ओढले जात असता, त्यामुळे तो मागून येतो आणि दिसतही नाही. माझ्याकडे शिकवणीतलं एक हेल्मेट मुद्दाम जपून ठेवलंय. उजव्या कानाच्या वर बोटभर लांबीची खाच आहे, बोर्डाच्या फिनने, म्हणजे खालच्या पात्याने, पाडलेली. कवचाचा रंग खरवडून खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसतं, आणि आतला फोम त्याच जागी अंगठ्याएवढा दबलेला आहे. ज्या मुलीच्या डोक्यावर ते होतं ती उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, "कोण धडकलं?" त्या दिवसानंतर माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला मी बोर्ड-लीश लावू देत नाही. बोर्ड सुटला तर बॉडी-ड्रॅग करत, म्हणजे काइटने स्वतःला पाण्यातून ओढून घेत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन तो परत मिळवायचा. ते जमेपर्यंत एकट्याने खोल पाण्यात जायचं नाही. लीश नसतानाही लाट बोर्ड उचलून तुमच्या अंगावर आणू शकते, म्हणून त्याच्याकडे पाठ करू नका.

उथळ पाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे एक मोठा गैरसमज आहे. गुडघाभर किंवा कमरेएवढं पाणी शिकायला सोपं असतं: पाय टेकतात, बोर्ड हाती लागतो, घाबरायला होत नाही. त्यामुळे "इथे काय होणार" असं वाटून लोक नेमकं तिथेच हेल्मेट काढून ठेवतात. बुडण्याच्या दृष्टीने ती जागा बरी आहे, आपटण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. बोर्डाची पुढची कड पाण्यात घुसली की माणूस डोक्यावरून पुढे फेकला जातो. खोल पाण्यात तो पाण्यात जातो, गुडघाभर पाण्यात तो वाळूवर जातो. ओलसर घट्ट वाळू मऊ नसते, आणि तिच्यात शिंपले, प्रवाळ, एखादा जुना खुंट असला तर बोलायलाच नको. ओहोटीच्या वेळी तासाभरात पाणी इतकं उतरू शकतं की तुम्ही ज्या जागी निवांत पडत होता तिथेच आता तळ हाताला लागतो. भरती-ओहोटीची वेळ पाहून उतरा आणि पाणी कमरेखाली आलं की उड्या बंद करा.

आता किनारा. माझ्या मते काइटसर्फिंगमधली सगळ्यात धोक्याची मिनिटं पाण्यातली नसतात, ती लाँच आणि लँडिंगची, म्हणजे काइट हवेत उचलण्याची आणि उतरवण्याची, असतात. लाइन्स, म्हणजे काइटच्या दोऱ्या, साधारण 20 ते 24 मीटर लांब असतात. काइट डोक्यावर उभा ठेवून माणूस वाळूवर रेंगाळतो, तेवढ्यात सोसाट्याचा झोत येतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 15 नॉटचा वारा 20 नॉट झाला की ओढ जवळपास 1.8 पट होते. एवढी ओढ अचानक वरच्या दिशेने आली तर माणूस उचलला जातो, आणि वाऱ्याच्या दिशेला जे काही उभं असेल त्यावर जाऊन आदळतो. म्हणून लाँच करताना वाऱ्याच्या पुढच्या बाजूला निदान दोन लाइन्सच्या लांबीइतकी, म्हणजे 50 मीटरच्या आसपास, पूर्ण मोकळी जागा हवी. झोत येणारा वारा असेल तर त्याहून बरीच जास्त. काइट पाण्याच्या बाजूने उचलायचा, हवेत खालच्या उंचीवरच ठेवायचा आणि सरळ पाण्यात चालत जायचं. गप्पा, फोटो, चष्मा पुसणं हे सगळं काइट उचलण्याआधी. हेल्मेटचं बकलसुद्धा त्याआधीच लावायचं. काइट हवेत असताना दोन्ही हात हनुवटीखाली नेणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

इथे एक जुना पण बोलका अभ्यास सांगण्यासारखा आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 235 काइटसर्फरांची सहा महिने नोंद ठेवली होती आणि 124 दुखापती मोजल्या होत्या. सर्वाधिक दुखापती पाऊल आणि घोट्याच्या, 28 टक्के. डोक्याच्या 14 टक्के, छाती आणि गुडघा प्रत्येकी 13 टक्के. म्हणजे डोकं पहिल्या क्रमांकावर नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: 56 टक्के दुखापतींमागे एकच कारण होतं, ताबा सुटल्यावर काइट हार्नेसपासून, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यापासून, सोडवता न येणं. त्या काळचे काइट बार, म्हणजे हातातला दांडा, सोडला तरी बरंच ओढत राहायचे. 2005 च्या आसपास बो काइट आले, बार ढकलला की ओढ जवळजवळ नाहीशी होऊ लागली. क्विक रिलीज सुधारले आणि 2020 मध्ये त्यांच्यासाठी आयएसओ 21853 हा आंतरराष्ट्रीय मानकही आला. सामग्री सुधारली, पण वापरणाऱ्या हाताला सवय नसेल तर तिचा उपयोग नाही. दर वेळी पाण्यात उतरण्याआधी वाळूवर उभं राहून, डोळे मिटून, रिलीज एकदा उघडा आणि परत जोडा. हेल्मेट घेतलंत आणि हे केलं नाहीत, तर क्रम उलटा झाला.

हेल्मेट किती सोसतं, हे आकड्यांत पाहिलं तर त्याच्याकडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत. पाण्यातल्या खेळांच्या हेल्मेटवर सहसा ईएन 1385 असं छापलेलं असतं. हा युरोपीय मानक मुळात कयाक आणि खळाळत्या नदीतल्या खेळांसाठी आहे. त्याच्या चाचणीत डोक्याच्या आकाराचा साचा हेल्मेट घालून सेकंदाला साधारण 2.5 मीटर वेगाने आपटतात, ऊर्जा सुमारे 15 ज्यूल. हा वेग म्हणजे 32 सेंटिमीटर उंचीवरून पडण्याचा वेग. आता 5 मीटर उंचीवरून कुणी सरळ खाली आलं तर पाण्याला किंवा जमिनीला भिडतानाचा वेग सेकंदाला जवळपास 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर होतो. वेग चौपट म्हणजे ऊर्जा सोळापट. उचलला जाऊन भिंतीवर आदळणारा माणूस हेल्मेटने वाचेल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. बोर्डाची कड, फॉइलचा (बोर्डाला पाण्यावर उचलणाऱ्या खालच्या पंखाचा) खांब, वाळूवरचा घसरता आपट, कुणाचा गुडघा, या माफक वेगाच्या गोष्टींसाठी ते बनलंय आणि त्या कामाला चोख आहे. मेंदू कवटीच्या आत हलून होणारी इजा, म्हणजे कन्कशन, हेल्मेटने कमी होऊ शकते पण टळेलच असं नाही.

मग तुम्ही म्हणाल, सायकलच्या हेल्मेटची चाचणी तर कडक असते. खरं आहे. ईएन 1078 मध्ये सपाट पृष्ठभागावरच्या आपटीचा वेग सेकंदाला 5.42 मीटर असतो, म्हणजे दीड मीटर उंची. तरीही ते पाण्यात नको, कारण ते दुसऱ्या कामासाठी घडवलंय. त्यातला थर्मोकोलसारखा फोम एका मोठ्या आपटीत चुरडून स्वतःला संपवतो, तर पाण्यात दिवसभरात लहान लहान तडाखे पुन्हा पुन्हा बसतात. हवा खेळती ठेवणाऱ्या त्याच्या मोठ्या भोकांतून पाणी घुसतं, आणि फिनचं टोकही घुसू शकतं. कानाजवळचा आणि मानेलगतचा भाग बहुतेक वेळा उघडा राहतो. मागची घट्ट करायची चकती वाळू आणि मिठाने जाम होते. पाण्याच्या हेल्मेटमध्ये गंजणारे भाग नसतात, फोम पाणी पीत नाही आणि ते तरंगतं. दोन्ही मानकांचा शिक्का असलेलीही काही हेल्मेट्स मिळतात. तुमच्या ठिकाणी खडक असतील किंवा उड्या शिकायच्या असतील तर तशीच शोधा.

आता मानेच्या हिसक्याचा मुद्दा. सांगणारा अगदीच खोटं सांगत नाहीये. हेल्मेटला पुढे टोपीसारखा छज्जा असेल, ते डोक्यावर सैल असेल किंवा कानपट्ट्या खोल वाट्यांसारख्या असतील, आणि तुम्ही वेगात तिरके पाण्यात शिरलात, तर कडेखाली पाणी अडकून डोकं मागे खेचलं जातं. हनुवटीचा पट्टा मग गळ्याला काचतो. याला उपाय म्हणजे बिनछज्ज्याचं, डोक्याला चिकटून बसणारं, पाणी निघून जायला भोकं असलेलं हेल्मेट. शिवाय हा धोका वेगाबरोबर वाढतो. तुम्ही आत्ता ज्या वेगाने पडता त्या वेगाला तो नगण्य आहे, आणि बोर्डाच्या माराचा धोका मात्र याच टप्प्यावर जास्त. हेल्मेटवर कॅमेरा लावू नका, हे त्याहून जास्त कळकळीने सांगतो. त्या खुंटीत सैल पडलेली लाइन अडकली आणि काइट परत ताणला गेला, तर सगळी ओढ मानेवर येते.

ऐकू येण्याची तक्रार रास्त आहे. कान झाकले की मागून येणाऱ्याची हाक कमी ऐकू येते, आणि काहींना तर वाऱ्याची दिशा कानांवरच कळते. कानपट्ट्या काढता येणारं, किंवा त्यांना मोठी भोकं असलेलं हेल्मेट घ्या. पण कानपट्ट्या पूर्ण नाकारू नका. उडीतून कुशीवर पडल्यावर कानाच्या पडद्यावर पाण्याची थप्पड बसते ती त्या थोपवतात.

मुरलेले लोक का घालत नाहीत? काहींची कारणं विचार केलेली आहेत: खोल पाणी, वाळूचा तळ, आसपास कुणी नाही, बोर्ड-लीश नाही, फॉइल नाही. अशा ठिकाणी उघड्या डोक्याने फिरणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही, तो त्याचा हिशोब आहे. बाकीच्यांच्या बाबतीत ती नुसती सवय आहे. बऱ्याच शिकवणीवर्गांत हेल्मेटमध्ये रेडिओ बसवलेला असतो, प्रशिक्षक किनाऱ्यावरून सूचना देतो. शिकवणी संपते, रेडिओ परत जातो आणि त्याच्याबरोबर हेल्मेटही, जणू ते रेडिओ टांगायलाच होतं. उलट खेळाच्या वरच्या टोकाला बघा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फॉर्म्युला काइट पहिल्यांदा आलं, शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या, आणि तिथले सगळे खेळाडू हेल्मेट घालून होते. त्या प्रकारात खालचं फॉइल धारदार असतं, वेग 30 नॉटच्या वर जातो आणि शर्यतीत हेल्मेट सक्तीचं असतं. फॉइलवर उभं राहणार असाल, लाटांत जाणार असाल, गर्दी असेल, उड्या मारणार असाल किंवा तळ टणक असेल, तर माझ्या लेखी हा चर्चेचा विषयच नाही.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. हेल्मेट घातल्यावर माणसाची वाऱ्याची मर्यादा नकळत सरकते. ढग जमलेत, झोत वाढलेत, तरी "सगळं सुरक्षेचं सामान आहे की" म्हणून पाय पाण्याकडे वळतात. वारा, काइटचा आकार, किनारा मोकळा आहे का, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय का, हे सगळे निर्णय हेल्मेट पिशवीतच आहे असं समजून घ्या. त्या निर्णयाने उतरायचं ठरलं तरच ते डोक्यावर चढवा.

निवडताना भुवयांच्या वर टेपने घेर मोजा आणि त्या मापाचं घ्या, "थोडं मोठं असू दे" नको. थंड पाण्यात निओप्रीनची टोपी घालत असाल तर ती घालूनच मोजा. हेल्मेट सरळ बसवा, मागे कललेलं नको, कपाळ झाकलं गेलं पाहिजे. पट्टा न लावता मान जोरात हलवली तरी ते जागचं हलू नये. पट्टा लावून मागच्या कडेखाली बोटं घालून वर ढकला. डोळ्यांवर घसरलं तर ते हेल्मेट तुमचं नाही. दुसऱ्याने वापरलेलं घेऊ नका, त्याने काय सोसलंय ते बाहेरून कळत नाही. वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. मोठा तडाखा बसला, कवचाला तडा गेला किंवा फोम दबला की त्याची सुट्टी. तडाखा तुम्हालाही बसला असेल आणि नंतर डोकं दुखत असेल, मळमळत असेल, काय घडलं ते नीट आठवत नसेल, तर त्या दिवशी पाण्यात परत जायचं नाही, एकटं राहायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं.

नवीन हेल्मेट आलं की पहिल्यांदा हलक्या वाऱ्याचा दिवस बघा. बोर्ड किनाऱ्यावर ठेवा आणि नुसता बॉडी-ड्रॅग करा. डोकं मुद्दाम पाण्याखाली घाला, दोन्ही कुशींवर ओढून घ्या, पाणी कुठे अडकतं, कड कुठे खेचली जाते ते बघा. आतलं मऊ अस्तर ओलं झाल्यावर दबतं, म्हणून बाहेर येऊन, काइट उतरवून पट्टा पुन्हा जुळवा. मग ओल्या, गारठलेल्या हाताने, न बघता बकल सोडून बघा. सहज सुटलं तर पुढच्या वेळी बोर्ड घेऊन जा. न सुटलं तर दुकानात जाऊन वेगळ्या बकलचं बदलून आणा.